एक कप पालथा

सकाळी सव्वादहाला मला कळलं, की मी सुहासराव आरवाडेंवर दावा लावला आहे.

भिंतीवरच्या पडद्यावर अभिनंदनाचा निरोप झळकला. 'आदरणीय वैजयंती मगदूम, आपण नेर्लेकर व्हॉल्व्हच्या माजी संचालकांविरुद्धच्या भागधारक दाव्यात वादी आहात. आपले शेअर चाळीस. अपेक्षित भरपाई अकरा लाख रुपये. आपल्याला काहीही करण्याची गरज नाही.' शेवटच्या वाक्याचं मला नवल वाटलं. कंपनी सचिव म्हणून सदतीस वर्षं काढली, पण काही करण्याची गरज नाही असं सांगणारा कागद माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

खाली संचालकांची सात नावं होती. सहांच्या पुढे 'दिवंगत'. सातवं नाव सुहास बळवंत आरवाडे, वय त्र्याऐंशी, राहणार मिरज.

नेर्लेकर व्हॉल्व्ह हा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना. टाक्यांना, नळयोजनांना, कालव्याच्या पाइपांना लागणारे बिडाचे व्हॉल्व्ह आम्ही ओतायचो आणि विकायचो. मी तिथे अठ्ठावीस वर्षं सचिव होते. हे काम सांगायला सोपं आहे. संचालकांची बैठक बोलवायची आणि काय ठरलं ते लिहून ठेवायचं. काय बोलले ते लिहायचं नसतं, ठरलं तेवढंच. या दोहोंमधल्या अंतरावर माझं घर चाललं.

भागधारकांची वार्षिक सभा कारखान्याच्या कँटीनमध्ये भरायची. बाकीच्या कंपन्यांनी सभा पडद्यावर नेल्या, तरी आमचे संस्थापक-अध्यक्ष तात्या नेर्लेकर हलले नाहीत. भागधारक कोण, तर निवृत्त मास्तर, दोन दंतवैद्य, हळदीचे अडते आणि आमच्याच फौंड्रीतले कामगार. प्रत्येकाच्या हातात ताळेबंदाची प्रत आणि भडंगाची पिशवी दिली जायची. ताळेबंद खुर्चीवर राहायचा, पिशवी घरी जायची. दामले मास्तर दरवर्षी उठून विचारायचे, "घसारा कमी का धरलाय?" तात्या दरवर्षी उत्तर द्यायचे, "मास्तर, तुम्हाला पिशवी मिळाली ना?" मास्तर म्हणायचे, "मिळाली." झाली सभा. आमच्या कंपनीचा कारभार चोख होता असं मी म्हणणार नाही. पण भडंग चोख होतं.

आता त्या यंत्राबद्दल. त्याचं अधिकृत नाव लांबलचक आहे, बाजारात त्याला जरतर म्हणतात. कल्पना अशी, की एखाद्या कंपनीचा सगळा मागमूस गोळा करायचा: विजेची बिलं, भट्टीची तापमानं, मालाच्या पावत्या, व्याजदर, पाऊसमान, गिऱ्हाइकांची पत्रं, कोण किती दिवस रजेवर होतं तेसुद्धा. त्यातून यंत्राच्या आत तीच कंपनी पुन्हा उभी करायची, भट्टीसकट. ती पहिल्या दिवसापासून चालवायची आणि खऱ्या ताळेबंदांशी ताडून बघायची. हजारो वेळा चालवून ती जवळजवळ प्रत्येक वेळी खऱ्याशी जुळली, की ती प्रतिकृती पक्की.

मग मागे जाऊन एकच ठराव उलटा करायचा. जिथे नाही म्हटलं होतं तिथे हो म्हणायचं, बाकी जग होतं तसंच ठेवायचं, आणि कंपनी पुन्हा वीस वर्षं पुढे चालवायची. शेवटी दोन ताळेबंद शेजारी ठेवायचे, एक घडलेला आणि एक न घडलेला. त्यांच्यातला फरक म्हणजे संचालकांनी भागधारकांचं केलेलं नुकसान. चूक शेकडा चारच्या आत.

पूर्वी भागधारकांचे दावे याच जागी अडायचे. संचालक चुकले असं म्हणणं सोपं, पण ते न चुकते तर काय झालं असतं हे सिद्ध कोण करणार? आता ते चार तासांत सिद्ध व्हायला लागलं. त्यात पाच देशांचा करार झाला. जपानमध्ये सहा महिने जुना एक शेअर जवळ असला, की कंपनीच्या वतीनं संचालकांवर दावा लावता यायचा आणि कोर्ट फी एका बऱ्यापैकी जेवणाएवढी. कोरियात थोडे जास्त शेअर लागायचे. चीनमध्ये एखादी संस्थाच सगळ्या लहान भागधारकांसाठी उभी राहायची, आणि नको म्हणत नाही तोवर तुम्ही वादी असायचात. सिंगापूरमध्ये आधी न्यायालयाची परवानगी काढायची. भारतात शंभर भागधारक जमवायचे. आपल्याकडे शंभर भागधारक जमत, पण कशासाठी ते वर सांगितलंच आहे. करारात या सगळ्यांच्या कायद्यांतलं तिखट तेवढं एका पातेल्यात पडलं. सिंगापूरला संयुक्त न्यायपीठ बसलं, आणि जुने, बंद पडलेले, विकलेले कारखानेही जरतरखाली यायला लागले.

विमा कंपन्यांनी संचालकांचा विमा उतरवणं सोडलं. संचालकांनी त्यावर उपाय काढला. करारात जपानी आणि कोरियन कायद्यातलं एक कलम जसंच्या तसं आलं होतं: ज्याचा विरोध इतिवृत्तात नोंदलेला नाही, तो ठरावाशी सहमत होता असं धरावं. तेव्हापासून प्रत्येक संचालक प्रत्येक ठरावाला लेखी विरोध करतो. मी अलीकडची इतिवृत्तं वाचते. 'ठराव सात विरोधांसह मंजूर.' कोणी मंजूर केला ते देव जाणे.

आमच्या वेळी उलट होतं. माझ्या हातच्या चारशे बारा ठरावांत एकही विरोध नाही. चारशे बारा वेळा 'सर्वानुमते'.

*

दावा होता १४ मार्च २०२९च्या ठरावावर. ओसाकाच्या एका कंपनीनं आम्हाला हायड्रोजनच्या पाइपलाइनसाठी व्हॉल्व्ह बनवण्याची भागीदारी देऊ केली होती. हायड्रोजन हा चोरटा वायू. लोखंडात शिरतो आणि त्याला आतून ठिसूळ करतो, त्यामुळे बिडाचं ओतीव काम त्याला चालत नाही. वेगळं पोलाद, वेगळी यंत्रं हवीत. म्हणजे फौंड्री बंद करायची आणि तीनशे चाळीस माणसं घरी. संचालकांनी नाही म्हटलं. सर्वानुमते. फौंड्री आणखी अकरा वर्षं चालली, मग त्याच ओसाकावाल्यांनी कारखाना पडत्या भावानं घेतला. आज निम्म्या आशियाचा हायड्रोजन दुसऱ्याच कोणाच्या व्हॉल्व्हमधून वाहतो. जरतरच्या हिशोबात तो आमच्या व्हॉल्व्हमधून वाहत होता आणि एका शेअरमागे साडेसत्तावीस हजारांचं नुकसान निघत होतं.

मेलेल्यांवर दावा चालत नाही, एवढी माणुसकी करारात होती. हयात संचालक दोषी ठरला तर त्याचं घरदार विकून जेवढं येईल तेवढं घ्यायचं आणि उरलेलं पाच देशांच्या हमीनिधीनं भरायचं. पण एक तरी संचालक दोषी ठरायला हवा. म्हणजे सांगली-मिरजेतल्या तेवीसशे घरांची भरपाई आणि हमीनिधीचं कुलूप यांच्यामध्ये सुहासराव एकटे उभे होते.

दुपारी शेजारच्या शोभा बिरनाळे आल्या. सासऱ्यांचे दोनशे शेअर त्यांच्या नावावर आहेत. पंचावन्न लाख झाले.

"वैजूताई, जिन्याला लिफ्ट सांगून आले," त्या म्हणाल्या. "गुडघे आता वर चढत नाहीत. हप्ता दिला पहिला."

"निकाल लागू दे की अजून."

"लागणारच. म्हातारबाबा एकटेच राहिलेत म्हणे. मुलीकडं जातील बडोद्याला. नाहीतरी एवढ्या मोठ्या घरात एकट्यानं काय करायचं त्यांनी?"

दुसऱ्याच्या घराचं क्षेत्रफळ माणसाला आपला गुडघा दुखत असताना जास्त वाटतं. मी चहा टाकला.

*

दोन दिवसांनी सुहासरावांच्या वकील आयेशा जमादार यांचा फोन आला.

"मॅडम, पुढच्या महिन्यात तुम्हाला साक्षीला बोलावतील. इतिवृत्तावर सही तुमची आहे. 'हे खरं आहे का' एवढं विचारतील. तुम्ही हो म्हणालात की दावा संपला. त्या ठरावाला कुणी विरोध केला होता का?"

"इतिवृत्तात आहे की सगळं."

"ते मी वाचलंय. मी तुम्हाला विचारतेय."

मी म्हटलं, उद्या सांगते.

आमची बैठकीची खोली साचेशाळेच्या वर होती. खालून लाकडाच्या भुश्श्याचा आणि गरम वाळूचा वास यायचा. तात्यांचा नियम असा, की हवं तेवढं भांडा, पण इतिवृत्ताच्या पुस्तकात भांडण नको, पुस्तक बँकेचा मॅनेजर वाचतो. बँकवाल्याला एक विरोध दिसला की व्याज अर्ध्या टक्क्यानं चढतं, असं त्यांचं गणित होतं. ते फारसं चुकीचंही नव्हतं.

एकदा सुहासराव कसल्याशा खरेदीवरून इतके तापले, की कँटीनचे इमामभाई किटली घेऊन आले तेव्हा त्यांनी कप बशीत पालथा घातला. निळ्या काठाचा पांढरा कप. तात्यांनी त्या कपाकडे बघितलं आणि मला म्हणाले, "मगदूम, लिहा, सर्वानुमते." त्या दिवसापासून ती रीतच पडली. ज्याला ठराव पटला नाही त्यानं कप पालथा घालायचा. सगळ्यांना कळायचं, पुस्तकाला कळायचं नाही. बैठक संपली की सुहासराव बाहेरच्या जिन्यावर जाऊन उभे राहायचे. तात्या स्वतः किटली घेऊन मागून जायचे आणि म्हणायचे, "धर की आता सरळ." ते कप सरळ धरायचे आणि दोघं उभ्याउभ्या चहा प्यायचे. पुढं कंपनीचा कारभार त्या जिन्यावरच व्हायचा.

१४ मार्चला सुहासरावांचा कप पालथा होता. तो प्रस्ताव ओसाकाहून त्यांनीच आणला होता.

आणि हे लिहिलेलं होतं. पुस्तकात नाही, माझ्या कच्च्या वहीत. बैठकीत मी त्यात खरडायची, आणि विरोध दिसला की नावाच्या आद्याक्षरापुढे एक छोटी पालथी वाटी काढायची, पक्कं लिहिताना भाषा जपायला. सह्या झाल्या की कच्चं फाडून टाकायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. बाकी सगळ्या वह्या मी फाडल्या. ही एक राहिली, कारण तिच्या शेवटच्या पानावर इमामभाईंनी सांगितलेलं सहाशे माणसांच्या भडंगाचं प्रमाण होतं. लसूण अडीच किलो, तिखट सव्वा, शेंगदाणे बारा.

*

मी मिरजेला गेले. सुहासराव व्हरांड्यात वर्तमानपत्राची घडी मांडीवर घेऊन बसले होते. कान अजून तिखट.

"आलीस का गं? वादी आणि प्रतिवादीनं असं भेटलेलं चालतं का?"

"मी नको म्हणून कळवलंय. आता वादी नाही."

"अकरा लाखांवर पाणी सोडलंस? तात्यानं तुला उगाच सचिव केलं. हिशोबच येत नाही."

मी पिशवीतून वही काढली आणि ते पान पुढं केलं. 'सु.' आणि पुढे पालथी वाटी. त्यांनी चष्मा पुसला, बघितलं, आणि पानं उलटत शेवटच्या पानावर थांबले.

"इमामचं भडंग. तिखट सव्वाच होतं होय? मला वाटायचं दीड घालतो."

"सुहासराव, हे दाखवलं तर तुमचं घर वाचतं."

"आणि तुझं काय वाचतं? पुस्तकात खोटं लिहिलं म्हणून सचिवांच्या यादीतून नाव काढतील. सदतीस वर्षांचं नाव."

"ते माझं मी बघीन."

"मी सांगतो ते ऐक." त्यांनी वही मिटली. "माझा कप पालथा होता, खरंय. तात्या चुकतोय असं मला वाटत होतं. पण खोलीबाहेर पडल्यावर त्याच ठरावासाठी मी अकरा वर्षं राबलो. बिडाच्या व्हॉल्व्हला गिऱ्हाईक मिळवायला मी बिहारपर्यंत हिंडलो. तीनशे चाळीस माणसांचा पगार एकदाही चुकला नाही. मग तो ठराव माझा नाही का?"

"कायद्यानं..."

"कायदा राहू दे. सातांतले सहा गेले. आता एकटा उरलोय आणि सांगू, की मी त्यांच्यात नव्हतोच? घर गेलं तर जाऊ दे. मुलगी बोलावतेय."

"तुम्हाला बडोदं आवडत नाही. तीन दिवसांत परत येता."

"गोड असतं सगळं," ते म्हणाले. "आमटीसुद्धा."

निघताना ते म्हणाले, "ती वही फाड. फाडायची असते ना?"

*

साक्ष सांगलीच्या न्यायालयातल्या पडद्याच्या खोलीत झाली. सकाळचे अकरा. समोर तीन न्यायाधीश: मधे ओसाकाच्या मोरिताबाई, एका बाजूला सोलचे एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला सिंगापूरचे. आमचं बोलणं तिथल्या तिथे एकमेकांच्या भाषेत उतरत होतं. खोलीत मागच्या बाकांवर भागधारक बसले होते. शोभाताई पहिल्या रांगेत. वार्षिक सभेसारखीच गर्दी, फक्त पिशव्या नव्हत्या. सुहासराव खिडकीपाशी.

मोरिताबाईंनी विचारलं, "हे इतिवृत्त आपण लिहिलं?"

"हो."

"ते खरं आहे?"

सुहासराव माझ्याकडे बघत होते आणि मान अगदी थोडी हलवत होते, नको म्हणून. ज्या माणसाचा मी कधी विरोध नोंदला नव्हता, तो आज पुन्हा नोंदू नको म्हणत होता. चारशे बारा वेळा मी इतरांच्या सोयीचं लिहिलं. एकदा तरी मला, जे घडलं ते लिहायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सर्वानुमते नव्हतं. एक कप पालथा होता."

अनुवादयंत्र एक क्षण अडखळलं. मग मी सगळं सांगितलं. कप, किटली, जिना, बँकेचा मॅनेजर. वही दिली. तिच्या शाईचं आणि कागदाचं वय तपासायला वीस मिनिटं लागली. बावीस वर्षं, बरोबर.

सोलचे न्यायाधीश पुढं झुकले. "आमच्याकडे अशा वेळी माणूस फोन आल्याचं सांगून बाहेर जातो आणि मतदान झाल्यावर परत येतो," ते म्हणाले. मोरिताबाई हसल्या नाहीत, पण त्यांचा आवाज उतरला. "माझे वडील एका कारखान्यात संचालक होते. पटलं नाही की ते बैठकभर पेन टोपणात ठेवायचे. त्यांच्याही इतिवृत्तात सगळं एकमतानं आहे." त्यांनी समोरच्या कागदांकडे बघितलं. "या पाच देशांत किती कप आणि किती पेनं असतील, हे जरतर सांगू शकणार नाही."

निकाल आठवड्यानं आला. त्याच वेळी, सचिवाच्याच हातानं लिहिलेली नोंद म्हणजे नोंदलेला विरोध, तो कुठल्या वहीत आहे हा प्रश्न गौण. सुहास आरवाडे दोषी नाहीत. दोषी कोणीच नाही, त्यामुळे हमीनिधी उघडणार नाही. खोटं इतिवृत्त प्रमाणित केल्याबद्दल वैजयंती मगदूम यांचं नाव व्यवसायाच्या यादीतून कायमचं काढावं.

शोभाताई जिन्यातच भेटल्या. एका पायरीवर दोन पाय टेकवत चढत होत्या.

"तुमचा कप माझ्या गुडघ्यावर फुटला हो, वैजूताई."

"हप्ता परत मिळेल का?"

"निम्मा. निम्मा कापतात." पुढची पायरी चढून त्या म्हणाल्या, "ते भडंगाचं प्रमाण खरंच होतं का त्या वहीत? कोर्टात म्हणालात ते? असलं तर द्या तरी."

मी हात पुढं केला. तो धरून त्या उरलेल्या पायऱ्या चढल्या.

*

महिनाभरानं न्यायालयाकडून वही परत आली. ती घेऊन मी मिरजेला गेले. सुहासराव आत जाऊन चहाची किटली आणि दोन कप घेऊन आले. कपांना निळा काठ होता. कारखाना विकला तेव्हा कँटीनच्या भांड्यांचा लिलाव झाला होता, त्यातले त्यांनी घेतलेले.

त्यांनी एक कप माझ्यापुढं सरळ ठेवला. दुसरा स्वतःपुढं बशीत पालथा घातला.

"तू केलंस ते मला पटलेलं नाही," ते म्हणाले. "आणि या वेळी लिहून घे. पक्कं."

मी पेन काढलं. भडंगाच्या पानाच्या आधीचं एक पान कोरं होतं. तारीख घातली. उपस्थित, दोन. विषय, वैजयंती मगदूम यांची साक्ष. ठराव, साक्ष दिली ती योग्य होती. मंजूर. विरोध, सुहास बळवंत आरवाडे.

"वाच."

मी वाचून दाखवलं. माझ्या हातानं लिहिलेला पहिला विरोध. अक्षर जरा वाकडं आलं होतं.

त्यांनी वही ओढून घेतली, आपल्या नावापुढं सही केली आणि शाई वाळेपर्यंत बघत बसले. मग पालथा कप उचलून सरळ केला आणि माझ्याकडं सरकवला.

"बैठक संपली ना?" ते म्हणाले. "मग ओत की आता."